सामायिक युनिक्स सर्व्हरवरून मेल: पहिल्या लॉगिनपासून परत आलेल्या पत्रापर्यंत

एकच मशीन, त्यावर शेकडो जणांची खाती. प्रत्येकाला एक शेल (आज्ञा टंकून मशीन चालवायची जागा), थोडी डिस्क आणि एक ईमेल पत्ता. १९८७ पासून चालू असलेला एसडीएफ हा असाच सार्वजनिक सर्व्हर. २०१४ मध्ये पॉल फोर्ड यांनी उघडलेला टिल्डे क्लब आणि त्याच्यामागून निघालेले टिल्डेवाले सर्व्हर त्याच गोत्रातले. आपल्याकडेही हा प्रकार अगदीच परका नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे शेल खातंच असे. मोडेम फिरवायचा, मुंबईच्या 'गियासबीएम' किंवा पुण्याच्या 'गियासपीएन' मशीनवर लॉगिन करायचं आणि काळ्या पडद्यावर पाइन हा मेल प्रोग्राम उघडून पत्रं वाचायची.

जीमेलच्या सवयीने इथे आलेला माणूस पहिल्या महिन्यात ज्या चुका करतो, त्यांतल्या बहुतेक एकाच समजुतीतून होतात: ही मेलव्यवस्था माझी एकट्याची आहे. ती चाळीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी आहे. डिस्क सगळ्यांची, आयपी पत्ता सगळ्यांचा, आणि बाहेरच्या मेल सर्व्हरांच्या नजरेत त्या पत्त्याची जी पत आहे तीसुद्धा सगळ्यांची. पुढच्या बऱ्याच सूचना त्यातूनच आल्या आहेत.

लिपीबद्दल आधीच सांगून ठेवू. आज्ञा, कळा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची; अक्षर मोठं हवं असेल तिथे 'मोठा आर' असं म्हटलं आहे. आकडेही कळफलकावरचे नेहमीचेच. सदस्यनाव म्हणून 'अबक' वापरलं आहे.

आत शिरणं

लॉगिन एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर कुलूपबंद जोडणीने शिरायच्या साधनाने, पोर्ट २२ वर. लिनक्स आणि मॅकवर एसएसएच असतंच, विंडोज १० मध्येही आता येतं, आणि अँड्रॉइडवर टर्मक्स टाकून मिळवता येतं. 'एसएसएच अबक@सर्व्हर' असं टंकलं की पहिल्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून पुढे जायचं का, असं विचारलं जातं. बहुतेक जण न वाचता येस म्हणतात. सर्व्हरच्या माहितीत दिलेला ठसा आणि पडद्यावरचा ठसा एकदा जुळवून पाहा. त्याला अर्धं मिनिट लागतं. पुढे कधी किल्ली बदलल्याचा इशारा आला, तर मात्र साठवलेली जुनी किल्ली काढून टाकायच्या आधी चालकांनी तशी सूचना दिली आहे का ते बघायचं.

पासवर्डऐवजी किल्ली वापरा: आपल्या घरच्या मशीनवर 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९', मग तयार झालेल्या दोन फाइलींपैकी डॉट पब शेपटीची फाइल सर्व्हरवरच्या '.एसएसएच' फोल्डरातल्या 'ऑथोराइज्ड_कीज' फाइलीत चिकटवायची. फोल्डरची परवानगी ७००, फाइलीची ६००, म्हणजे दोन्ही फक्त तुमच्यासाठी खुली ('चमॉड' आज्ञेने ठरवायची). परवानगी ढिली असली, म्हणजे फाइल किंवा अख्खी होम डिरेक्टरी (सर्व्हरवरचा तुमचा मुख्य फोल्डर) गटाला लिहिता येण्यासारखी असली, की एसएसएच ती किल्ली काही न बोलता नाकारतं आणि पुन्हा पासवर्ड विचारत बसतं. "किल्ली टाकली तरी चालत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मेल पडते कुठे

कोणताही मेल प्रोग्राम उघडण्यापूर्वी हे पाहून घ्या. 'इको $मेल' टंका (इथे 'मेल' मोठ्या अक्षरांत). उत्तर '/व्हार/मेल/अबक' असं आलं, तर तुमची सगळी नवी मेल त्या एकाच फाइलीत एकाखाली एक साठते. या ठेवणीला एमबॉक्स म्हणतात. प्रत्येक पत्राची सुरुवात 'फ्रॉम' आणि मोकळी जागा असलेल्या ओळीने होते, म्हणून मजकुरातली एखादी इंग्रजी ओळ त्याच शब्दाने सुरू झाली तर तिच्यापुढे कोनी चिन्ह लागलेलं दिसतं. ती बिघाडाची खूण नव्हे.

उत्तरात 'मेलडिर' दिसलं किंवा होम डिरेक्टरीत त्या नावाचा फोल्डर असला, तर ठेवण वेगळी: आत 'टीएमपी', 'न्यू', 'कर' असे तीन उपफोल्डर आणि दर पत्राला स्वतंत्र फाइल. ही पद्धत क्यूमेल या मेल सर्व्हर प्रोग्रामचे कर्ते डॅनियल बर्नस्टाइन यांची. एमबॉक्स फाइलीला दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी हात घातला तर कुलुपाचा प्रश्न येतो, मेलडिरला येत नाही. निवड तुमच्या हातात असेल तर मेलडिर घ्या. बहुतेक वेळा ती नसते.

आता पहिली चाचणी. तीन पत्रं, याच क्रमाने: एक स्वतःला, एक त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या सदस्याला, एक बाहेरच्या आपल्याच पत्त्यावर. पहिली दोन मशीनच्या बाहेर पडतच नाहीत. पत्त्यात ॲटच्या पुढचं काही न लिहिता नुसतं सदस्यनाव दिलं तरी पोचतात. स्वतःचं पत्र आलं आणि बाहेरचं गेलं नाही, तर दोष तुमच्या प्रोग्रामात नाही, सर्व्हर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये आहे. अनेक सामायिक सर्व्हर नव्या सदस्याला ओळख पटेपर्यंत बाहेर मेल पाठवू देत नाहीत; काही ठिकाणी मेल फक्त आतल्याआत चालते. नियम आधी वाचा. नाही तर नसलेली चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.

मेलएक्स: कमीत कमी साधन

'मेल' किंवा 'मेलएक्स' ही आज्ञा जवळपास प्रत्येक युनिक्सवर सापडते. बर्कलीमध्ये १९७८ मध्ये कर्ट शोन्स यांनी लिहिलेल्या प्रोग्रामची ही वंशावळ, आणि ढब अजून तीच. पाठवायला 'मेल अबक' टंका, विषय विचारेल, मग मजकूर, शेवटी रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी. पुष्कळ ठिकाणी एकट्या टिंबाची ओळही चालते.

इथे एकदा एंटर दाबल्यावर मागच्या ओळीवर परत जाता येत नाही. त्याला उपाय ओळीच्या सुरुवातीला टिल्डे चिन्ह (~) टाकून द्यायच्या सूचना. टिल्डे-व्ही म्हणजे आतापर्यंतचा मजकूर पूर्ण एडिटरमध्ये उघड. टिल्डे-आर आणि फाइलीचं नाव म्हणजे ती फाइल इथे ओत. टिल्डे-पी म्हणजे सगळं परत दाखव, टिल्डे-सी प्रतीचे पत्ते वाढवायला, टिल्डे-एक्स सगळं फेकून बाहेर पडायला. कंट्रोल-सी दोनदा दाबलं तर पत्र रद्द होतं, पण अर्धा मजकूर बहुधा होम डिरेक्टरीतल्या 'डेड.लेटर' फाइलीत उरतो. नाव भयंकर असलं तरी सोय चांगली आहे. फक्त ती फाइल इतरांना वाचता येते का, हे तपासायचं.

वाचायला नुसतं 'मेल' टंका. क्रमांक टंकला की ते पत्र, नुसतं एंटर दाबलं की पुढचं. 'एच' यादी, 'डी' पुसणं, 'यू' पुसलेलं परत आणणं, 'एस' आणि नाव दिलं की फाइलीत ठेवणं. दोन जागी लोक हमखास फसतात.

पहिली जागा उत्तराची. मूळ रिवाजात लहान 'आर' म्हणजे पत्रातल्या सगळ्यांना उत्तर आणि मोठा 'आर' म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला. जीमेलच्या सवयीच्या बरोबर उलटं. काही सर्व्हरांवर व्यवस्थापकांनी हे उलटवून ठेवलेलं असतं. म्हणून पहिलं उत्तर पाठवण्याआधी 'टू' आणि 'सीसी'च्या ओळी डोळ्यांखालून घाला.

दुसरी जागा बाहेर पडण्याची. 'क्यू' दाबलं की वाचलेली पत्रं मूळ टपालपेटीतून उचलून होम डिरेक्टरीतल्या 'एमबॉक्स' नावाच्या फाइलीत टाकली जातात. पुढच्या वेळी 'मेल' टंकलं की पेटी रिकामी, आणि माणूस घाबरतो. काही हरवलेलं नसतं. 'मेल -एफ एमबॉक्स' म्हटलं की सगळी दिसतात. हे नकोच असेल तर '.मेलआरसी' फाइलीत 'सेट होल्ड' अशी एक ओळ टाका. 'एक्स'ने बाहेर पडलं तर पेटीत काहीच बदलत नाही, पुसलेलंही पुसलं जात नाही.

या एमबॉक्स फाइलीचा एक उपद्रव पुढेही येतो. अल्पाइन या पुढे येणाऱ्या मेल प्रोग्रामच्या पोटात जी मेल वाचणारी लायब्ररी आहे, तिला होम डिरेक्टरीत 'एमबॉक्स' नावाची फाइल दिसली, की पुष्कळ ठिकाणी ती इनबॉक्स उघडताच सगळी नवी मेल टपालपेटीतून त्या फाइलीत हलवते. मग मट हा तिसरा मेल प्रोग्राम उघडावा तर पेटी सुनसान. म्हणजे मेलएक्स एकदा चालवलं, त्याने फाइल तयार केली, आणि त्या दिवसापासून अल्पाइन आणि मट यांचं बिनसलं. कोणताही एकच प्रोग्राम ठरवा. दुसरा वापरून पाहायचा असेल तर ती फाइल आधी दुसऱ्या नावाने बाजूला करा.

अल्पाइन: सुरुवातीला हेच घ्या

पाइन वॉशिंग्टन विद्यापीठातलं. अल्पाइन त्याचं पुढचं रूप. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत त्या त्या वेळी चालणाऱ्या कळा लिहिलेल्या असतात, त्यामुळे पाठांतर लागत नाही. 'सी' नवं पत्र, 'आय' पत्रांची यादी, 'एल' फोल्डर, 'क्यू' बाहेर.

पहिल्यांदा उघडल्यावर पत्र लिहायच्या आधी 'एस', मग 'सी' दाबून सेटिंगमध्ये जा आणि तीन गोष्टी बघा. 'पर्सनल नेम' मध्ये नाव. 'यूजर डोमेन' मध्ये सर्व्हरचं बाहेर ओळखलं जाणारं डोमेन; हे रिकामं राहिलं तर पत्त्यात मशीनचं आतलं नाव जाऊ शकतं आणि समोरच्याचं उत्तर कुठेच पोचत नाही. तिसरं, पडद्याचा अक्षरसंच यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या मावणारा) आहे ना. बदल केले की 'ई' दाबून बाहेर पडताना जतन करायला 'वाय'.

लिहिताना कंट्रोल-एक्स पाठवतं, कंट्रोल-ओ पत्र नंतरसाठी ठेवतं, कंट्रोल-सी रद्द करतं. कंट्रोल-जे जोडपत्रासाठी, पण कर्सर वरच्या पत्त्यांच्या भागात असेल तेव्हाच; मजकुरात असताना तीच कळ परिच्छेदाच्या ओळी सारख्या करते. मजकुरात फाइल ओतायला कंट्रोल-आर. यादीत 'डी'ने खूण केलेली पत्रं 'एक्स' दाबेपर्यंत जागीच असतात. "पुसलं तरी डिस्क भरलेलीच" याचं उत्तर हेच 'एक्स'.

अल्पाइनने हाताळलेल्या एमबॉक्स फाइलीत सर्वांत वर 'फोल्डरचा अंतर्गत मजकूर, पुसू नका' अशा अर्थाचं एक इंग्रजी पत्र मट किंवा मेलएक्समधून दिसतं. ते अल्पाइनचं टिपण आहे. पुसलं तर पुन्हा उगवतं. सोडून द्या.

मट: रोजची मेल जास्त असेल तर

मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेलं मट वेगवान आहे आणि शेकडो पत्रं हाताळायला उत्तम, पण ते काहीच आपणहून सांगत नाही. होम डिरेक्टरीत '.मटआरसी' फाइल करून तीत निदान एवढं ठरवून द्या: 'रिअलनेम' म्हणजे तुमचं नाव, 'फ्रॉम' म्हणजे पूर्ण पत्ता, 'एडिटर', 'फोल्डर' म्हणजे मेल ठेवायची डिरेक्टरी, 'रेकॉर्ड' म्हणजे पाठवलेल्याची प्रत कुठे ठेवायची, आणि 'पोस्टपोन्ड'. 'रेकॉर्ड' ठरवून दिलं नाही तर पाठवलेलं कुठे गेलं ते शोधत बसावं लागतं, किंवा ते होम डिरेक्टरीत भलत्याच जागी साचत जातं.

कळा थोड्याच: 'एम' नवं पत्र, 'आर' उत्तर, 'जी' सगळ्यांना उत्तर, एडिटरमधून बाहेर आल्यावर 'वाय' पाठवायला आणि 'ए' जोडपत्राला. 'डी' खूण, डॉलर चिन्ह प्रत्यक्ष पुसायला. 'सी' फोल्डर बदलायला, 'एल' यादी गाळायला: 'एल' दाबून टिल्डे-एफ आणि नाव दिलं की फक्त त्या माणसाची पत्रं उरतात.

आजकालची बरीच पत्रं एचटीएमएलमध्येच येतात आणि मटमध्ये त्यांची रंगीत सजावट दिसत नाही, कोनी कंसांचं जंगल दिसतं. कुठला प्रकार कशाने उघडायचा हे सांगणाऱ्या '.मेलकॅप' फाइलीत एक ओळ घालायची: टेक्स्ट/एचटीएमएल, अर्धविराम, 'डब्ल्यू३एम -डंप' किंवा 'लिंक्स -डंप' अशी आज्ञा, शेवटी 'कोपियसआउटपुट' हा शब्द. मग '.मटआरसी'त 'ऑटो_व्ह्यू टेक्स्ट/एचटीएमएल'. 'कोपियसआउटपुट' विसरला तर ऑटो_व्ह्यू ती ओळ वापरतच नाही, जंगल तसंच राहतं आणि लोक मटला नावं ठेवतात.

मराठीत लिहायचं तर

आधी 'लोकेल' टंका; सर्व्हर तुमच्यासाठी कुठली भाषा आणि अक्षरसंच धरतो ते कळतं. उत्तरात 'सी' किंवा 'पॉझिक्स' दिसलं तर मराठी बिघडणारच. 'लोकेल -ए' ने उपलब्ध यादी बघा आणि यूटीएफ-८ शेपटीचं कुठलंही '.प्रोफाइल' फाइलीत 'लँग' साठी ठरवून द्या. मराठी लोकेलच हवं असं नाही. इंग्रजीचं यूटीएफ-८ पुरतं.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं दर चिन्ह तीन बाइट घेतं. 'नमस्कार' सात चिन्हांचं, म्हणून २१ बाइटचं. मजकुरात याने काही बिघडत नाही, विषयाच्या ओळीत मात्र फरक पडतो. पत्राच्या शीर्षभागात साधी रोमन चिन्हंच सर्वत्र बिनधोक जातात, म्हणून मराठी विषय सांकेतिक तुकड्यांत बांधावा लागतो. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा, म्हणजे त्यात जेमतेम १५ देवनागरी चिन्हं मावतात. अल्पाइन आणि मट हे आपोआप करतात. जुनं मेलएक्स करत नाही. ते मजकूर तसाच कच्चा ढकलतं, अक्षरसंच कोणता हेही सांगत नाही, आणि पलीकडच्याला मराठीऐवजी परदेशी स्वरचिन्हांची रांग दिसते.

यावर इंटरनेटवर एक तोडगा फिरतो: 'मेल'ला '-ए' देऊन अक्षरसंचाची ओळ जोडा. डेबियनच्या बीएसडी-मेलएक्सवर तो चालतो. पण एस-नेल या दुसऱ्या वाणात तेच '-ए' फाइल जोडण्यासाठी आहे, तिथे "अशी फाइल नाही" एवढंच उत्तर येतं. मराठी पत्रासाठी मेलएक्स वापरूच नका, हा सोपा मार्ग.

पडद्यावरची कटकट वेगळी. काही टर्मिनलांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. 'क्षि' मधली वेलांटी भलतीकडे जाते, कर्सर दोन घरं पुढे दिसतो आणि एक अक्षर खोडायला गेलं तर शेजारचं खोडलं जातं. मजकूर आतून शाबूत असतो, दाखवणंच चुकतं. लांब पत्र घरच्या मशीनवर लिहा, 'एससीपी'ने फाइल वर चढवा आणि अल्पाइनमध्ये कंट्रोल-आरने ओता. मटमध्ये सुरू करतानाच '-आय' आणि फाइलीचं नाव.

लाइन तुटली तर

वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क बदललं, एसएसएच गोठलं. घाबरायची गरज नाही. अल्पाइन अर्धवट पत्र वेगळं ठेवतं आणि पुढच्या वेळी लिहायला गेलात की ते पुढे चालवू का असं विचारतं. नॅनो एडिटर फाइलीच्या नावाला 'सेव्ह' अशी शेपटी लावून प्रत ठेवतो, व्हिम स्वॅप फाइल ठेवतो. त्यापेक्षा लॉगिन केल्याबरोबर 'टीमक्स' चालू करून मेल त्यातच उघडायची: लाइन गेली तरी सर्व्हरवर सगळं जिथल्या तिथे, परत येऊन 'टीमक्स अटॅच' एवढंच. मात्र जुनं सत्र चालू असताना दुसरीकडून तीच पेटी उघडली, की एका बाजूला पेटी फक्त वाचण्यापुरती राहते, किंवा मट पेटी बाहेरून बदलल्याची तक्रार करतं.

बाहेर गेलेली मेल: उशीर, स्पॅम आणि परतीचं पत्र

बाहेर पाठवलेली मेल सर्व्हरच्या रांगेत जाते. 'मेलक्यू' टंकलं की रांग दिसते, निदान तुमची पत्रं तरी. सर्व्हर पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामवर चालत असेल आणि त्याच्या मूळ ठेवणीत फेरफार केलेला नसेल, तर पलीकडून 'आत्ता नको' असं उत्तर आल्यावर पहिला फेरप्रयत्न पाच मिनिटांच्या आसपास होतो, मग अंतर वाढत ४,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाला थोडं वर, जातं. पाच दिवस जमलं नाही की पत्र तुमच्याकडे परत. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दामच परतवतात, कारण स्पॅम पाठवणारे सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत. त्यामुळे पहिल्या पत्राला अर्धा तास लागला म्हणून तेच पत्र तीनदा पाठवू नका, तिन्ही पोचतील.

परत आलेलं पत्र 'मेलर-डीमन'च्या नावाने येतं. लोक ते न वाचताच पुसतात, आणि खरं कारण त्यातच लिहिलेलं असतं. आकडा ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, ५ ने सुरू झाला तर कायमची. ५.१.१: त्या नावाचा माणूस तिथे नाही, बहुधा टंकनदोष. ५.१.२: डोमेनच चुकलं. ५.२.२: समोरच्याची पेटी भरली. ५.७ ने सुरू होणारे आकडे नियमांचे: पलीकडच्याने पत्र मुद्दाम नाकारलं. पहिले तीन तुम्ही सोडवायचे, चौथ्यासाठी चालकांकडे जायचं.

नाकारण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे 'फ्रॉम'मध्ये भलता पत्ता. सामायिक सर्व्हरवरून पाठवताना तिथे आपला याहू किंवा जीमेल पत्ता लिहायचा मोह होतो. डोमेनचा मालक एसपीएफ नोंदीत जाहीर करतो की आमच्या नावाने मेल कुठल्या आयपीवरून येईल, डीकेआयएमने पत्रावर सही करतो, आणि डीमार्कमध्ये सांगतो की यांतलं काहीच न जुळणारं पत्र आलं तर काय करायचं. याहूने २०१४ पासून 'सरळ नाकारा' असं सांगून ठेवलं आहे. गूगलही फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला ५,००० हून जास्त पाठवणाऱ्यांकडे तिन्ही. तुमचा सर्व्हर फक्त स्वतःच्या डोमेनसाठी सही करू शकतो. म्हणून 'फ्रॉम' नेहमी सर्व्हरवरचा पत्ता. उत्तर दुसरीकडे हवं असेल तर 'रिप्लाय-टू'.

गावभर एकच पत्र वाटायला ही जागा नव्हे. लग्नाची आमंत्रणं, मंडळाची वर्गणीची आठवण, दोनशे पत्त्यांची 'बीसीसी': वीस जणांनी जरी स्पॅमचं बटण दाबलं तरी त्या आयपीची पत घसरते आणि दुसऱ्या दिवशी कुणा भलत्याच सदस्याचं नोकरीच्या अर्जाचं पत्र स्पॅममध्ये जाऊन पडतं.

.फॉरवर्ड: सोपी आणि घातक फाइल

होम डिरेक्टरीत '.फॉरवर्ड' नावाच्या फाइलीत दुसरा पत्ता लिहिला की येणारी सगळी मेल तिकडे जाते. इथेही एक प्रत ठेवायची तर आधी उलटी तिरकी रेघ आणि आपलं सदस्यनाव, मग स्वल्पविराम, मग बाहेरचा पत्ता. ती रेघ म्हणजे "इथेच ठेव, परत .फॉरवर्ड बघू नकोस". फाइल गटाला लिहिता येण्यासारखी असली तर काही मेल सर्व्हर तिच्याकडे दुर्लक्ष करतात; 'चमॉड ६४४' पुरे.

घातक का, तर तुमच्याकडे आलेलं स्पॅमही सर्व्हर निमूटपणे जीमेलकडे पाठवतो, आणि जीमेलच्या हिशेबात ते पाठवणारा म्हणजे तुमचा सर्व्हर. शिवाय मूळ पाठवणाऱ्याचं एसपीएफ या वाटेत तुटतं, कारण पत्र आता तिसऱ्याच आयपीवरून येतं. डीकेआयएमची सही मजकूर न बदलता गेला तर टिकते, पण सगळेच सही करत नाहीत. आणि जीमेलवरून परत याच पत्त्यावर फॉरवर्ड लावलं असेल तर पत्र दोघांमध्ये चेंडूसारखं फिरतं. पोस्टफिक्सची हद्द ५० मुक्कामांची आहे, फार तर तिथवर जाऊन ते तुटतं. सर्व्हर आयमॅप, म्हणजे बाहेरच्या ॲपमधून पेटी वाचायची सोय, देत असेल (पोर्ट ९९३, पाठवायला ५८७ किंवा ४६५) तर फोनवरच्या मेल ॲपमध्ये हा पत्ता स्वतंत्र खातं म्हणून जोडा. फॉरवर्डपेक्षा ते केव्हाही बरं.

कोण काय पाहू शकतं

रूटला, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापक खात्याला, सगळं वाचता येतं, हे गृहीत धरूनच इथे लिहायचं. शेजाऱ्यांचं काय ते मात्र तुमच्या हातात आहे. टपालपेटीची परवानगी सहसा नीट असते. ढिलाई असते ती होम डिरेक्टरीतल्या 'एमबॉक्स', 'मेल', 'डेड.लेटर' यांत. फाइलींना ६००, फोल्डरांना ७००, आणि नव्या फाइली इतरांना बंद राहाव्यात म्हणून '.प्रोफाइल'मध्ये 'युमास्क ०७७'.

दोन फटी कमी जणांना ठाऊक असतात. 'मेल -एस' देऊन आज्ञेतच विषय आणि पत्ता लिहिला, तर तेवढा वेळ 'पीएस' (चालू प्रोग्रामांची यादी) चालवणाऱ्या कुणालाही ते दोन्ही दिसू शकतं. विषय आत विचारल्यावर लिहा. दुसरं, 'फिंगर' (सदस्यांची माहिती सांगणारी सेवा) चालू असलेल्या सर्व्हरवर तुम्ही मेल शेवटची कधी वाचलीत आणि वाचता येण्यासारखी असेल तर .फॉरवर्डमध्ये कुठला पत्ता आहे, हे कुणीही विचारू शकतं. जीपीजी या मजकूर कुलूपबंद करायच्या साधनाची खाजगी किल्ली या मशीनवर ठेवू नका. मजकूर घरी कुलूपबंद करून मग वर चढवा.

डिस्क

जोडपत्र मेलमध्ये बेस-६४ रूपात जातं आणि ओळींच्या तुटकांसकट साधारण ३७ टक्क्यांनी फुगतं. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा दर पत्राला १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे प्रत्यक्ष फाइल साडेसात एमबीच्या आतच हवी. एका एमबॉक्स फाइलीची मूळ हद्द ५,१२,००,००० बाइट. ती गाठली की नवी मेल यायची थांबते. फोटो आला की उतरवून घ्या, पत्र पुसा, आणि खरोखर पुसा: अल्पाइनमध्ये 'एक्स', मटमध्ये डॉलर. महिन्यातून एकदा 'डीयू -एसएच' देऊन मेलचा फोल्डर मोजा. पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर सगळ्यात आधी फुगलेला सापडतो, कारण तिकडे कुणी बघत नाही.

एवढं करूनही मेल अडलीच, तर चालकांना 'पोस्टमास्टर' या पत्त्यावर लिहा. प्रत्येक मेल डोमेनला तो ठेवावाच लागतो. "मेल जात नाही" एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर यायला वेळ लागतो. पाठवल्याची वेळ टाइमझोनसकट, दोन्हीकडचे पूर्ण पत्ते, मेलक्यूमधला रांगेचा क्रमांक, आणि परतीचं पत्र आलं असेल तर ते शीर्षभागासकट जसंच्या तसं द्या. पडद्याचा फोटो नको, मजकूर द्या. रांगेच्या क्रमांकावरून चालकाला नोंदवहीत तुमचं पत्र एका शोधात सापडतं.